‘पार्क’ म्हणजे नक्की काय?

या वेळचं पत्र थोडं कापून देते आहे.

‘ताई, मी बार्शीचा. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग सोलापूरला इंजिनिअरिंग, आता दोन वर्षं हिंजवडीत नोकरी. वाचायला-लिहायला इंग्रजी अडत नाही. पण आमचा क्लायंट स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा आहे आणि कॉलवर त्याचं निम्मं बोलणं माझ्या डोक्यावरून जातं. मी आपला “येस, येस” म्हणत राहतो. मागच्या महिन्यात तो म्हणाला, “लेट्स पार्क द पेमेंट स्क्रीन.” मला वाटलं, पार्क करा म्हणजे नेऊन लावा. अर्धवट झालेली स्क्रीन मी त्याच दिवशी त्यांच्या टेस्ट सर्व्हरवर लावून मोकळा झालो. त्याला म्हणायचं होतं, तूर्त ती बाजूला ठेवा. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाले, “कळलं नव्हतं तर विचारायचं ना!” विचारायचं, पण कसं? “व्हॉट?” म्हटलं तर उद्धट वाटतं. “कम अगेन” सारखं सारखं म्हटलं तर याला इंग्रजी येत नाही असं वाटतं. “आय हॅव अ डाउट” म्हणू नकोस असं एकदा टीममधल्या सीनियरने सांगितलं, का ते नाही सांगितलं. आणि दोनदा विचारूनही नाही कळलं तर? पुढच्या शुक्रवारी मोठा डेमो आहे, त्याआधी उत्तर मिळालं तर बरं. आणि हो, मला तू म्हणा. – मान डोलवणारा’

प्रिय मान डोलवणाऱ्या,

आधी हे सांगते की तुझं भाषांतर तसं चुकलेलं नाही. गाडी पार्क करणं म्हणजे लावणंच. आणि मराठीत ‘लावणे’ इतकं राबतं (दिवा लावतो, कुकर लावतो, झाड लावतो, पैजही लावतो) की स्क्रीन लावायला कोणाची हरकत असणार? मीटिंगमधलं इंग्रजी त्या शब्दातला दुसरा भाग उचलतं. गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं, नंतर बघू. गंमत अशी की हा शब्द तुला मुळीच माहीत नसता तर तू कदाचित अडखळून विचारलं असतंस. माहितीतल्या शब्दाने दगा दिला.

मलाही असाच दिला होता. १९९४ साली मी शेफिल्डला राहायला गेले तेव्हा घरमालकीणबाईंनी जिन्यात थांबवून सांगितलं, ‘कम डाउन फॉर युअर टी टुमारो, हाफ फाइव्ह.’ टी म्हणजे चहा, यात विचारायचं काय? हाफ फाइव्हचा हिशोब मी मनाशीच केला. पाचाला अर्धा कमी, म्हणजे साडेचार. दुसऱ्या दिवशी पोटभर पोळीभाजी खाऊन बरोबर साडेचारला खाली दार वाजवलं. बाई डोक्याला कर्लर लावून, हातात बटाटे सोलायची सुरी घेऊन दारात. ‘हाफ फाइव्ह’ म्हणजे हाफ पास्ट फाइव्ह, साडेपाच. आणि उत्तर इंग्लंडात ‘टी’ म्हणजे संध्याकाळचं जेवण. त्या दिवशी मी भरल्या पोटावर मटणाचा ‘पाय’ (मटण भरलेली भाजलेली पेस्ट्री), उकडलेले वाटाणे आणि कस्टर्ड संपवलं, तेही ‘व्हेरी नाइस, व्हेरी नाइस’ म्हणत. जिन्यात ‘हाफ पास्ट फाइव्ह?’ एवढंच विचारलं असतं तर निदान तास वाचला असता. पण मी एम.ए. इंग्लिश होते ना! विचारणार कशी?

तर तुझ्या ‘येस, येस’बद्दल.

आपण मराठीत फोनवर बोलताना दर वाक्याला ‘हं… हं… हो… बरं…’ करतो. ते संमती देण्यासाठी नसतं. मी इथेच आहे, ऐकतोय, चालू द्या, एवढंच त्यात असतं. न केलं तर पलीकडची आत्या विचारते, ‘ऐकतोयस ना रे?’ तू तेच ‘हं’ इंग्रजीत नेलंस आणि ते झालं ‘येस’. इंग्रजी कानाला ‘येस’ म्हणजे कबूल. क्लायंटच्या दृष्टीने तू दर वाक्याखाली सही करत होतास. पहिलं काम म्हणून हे ‘येस’ आवर. त्या जागी ‘राइट’, ‘ओके, गो ऑन’, ‘म्-हम्’ चालतं. ‘येस’ जपून ठेव, खरोखर होकार द्यायचा असेल तेव्हासाठी.

आता तुझी खरी भीती. विचारलं तर याला इंग्रजी येत नाही असं वाटेल.

नेदरलंड्समधले भाषाशास्त्रज्ञ मार्क डिंगेमान्से आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरातल्या १२ भाषांमधल्या रोजच्या गप्पा रेकॉर्ड करून तपासल्या. आइसलँडिक, रशियन, लाओ, घानातली सिवू, अर्जेंटिनातली खुणांची भाषासुद्धा त्यात होती. माणसं आपल्याच भाषेत, आपल्याच माणसांशी बोलत होती. २०१५ साली छापलेल्या त्या अभ्यासात दिसलं की कोणी ना कोणी ‘काय म्हणालास?’ अशा अर्थाचं काहीतरी सरासरी दर १.४ मिनिटाला विचारतंच. दीड मिनिटसुद्धा जात नाही! मातृभाषेत, घरात, चहा पिताना. तू ग्लासगोच्या माणसाशी, पुण्यातून, हेडफोनवर तासभर बोलतोस आणि एकदाही विचारत नाहीस, म्हणजे विचित्र तू वागतोयस. (याच मंडळींना आधीच्या एका शोधनिबंधासाठी ‘इग नोबेल’ मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. विषय होता, आपल्या ‘अँ?’सारखा उद्गार जगभर जवळपास सारखाच का. आपल्या आजोबांचं ‘अँ?’ जागतिक दर्जाचं होतं हे त्यांना कळायला हवं होतं.)

पण त्या अभ्यासातली तुझ्या कामाची गोष्ट पुढेच आहे. विचारण्याच्या तीन तऱ्हा सापडल्या. एक, मोघम: ‘अँ? काय?’ दुसरी, नेमका तुकडा धरून: ‘कोण आलं म्हणालास?’ तिसरी, आपण समजलेलं समोर ठेवून: ‘म्हणजे, धाकटा काका?’ आणि माणसं सगळीकडे जमेल तितकी नेमकी तऱ्हा वापरतात. मोघम विचारलं की समोरच्याला सगळं पुन्हा बोलावं लागतं. नेमकं विचारलं की त्याला ‘हो’ किंवा ‘नाही, मधला’ एवढंच म्हणायचं असतं. कष्ट आपण घेतले, त्याचे वाचवले.

माझ्या मते सगळी सभ्यता इथे आहे. ती ‘सॉरी’ किती वेळा म्हटलं यात नाही.

तुला हे येतं. बार्शी स्टँडवरून कुर्डुवाडीच्या गाडीत बसल्यावर गोंगाटात तू ओरडतोस, ‘कुर्डुवाडी दोन!’ कंडक्टर ‘काय?’ म्हणत बसत नाही. तो म्हणतो, ‘कुर्डुवाडी दोन. दोन्ही फुल का एक हाफ?’ हॉटेलातला पोऱ्या ‘दोन इडली, एक वडा, एक कट चहा, वडा सुका का सांबारात?’ असं आपलंच बोलणं आपल्याला वाजवून दाखवतो. त्याला मराठी येत नाही असं तुझ्या मनात तरी येतं का? उलट पोऱ्या हुशार आहे असंच वाटतं. ऐकलेलं परत द्यायचं आणि राहिलेल्या भोकावर बोट ठेवायचं. बाकी सगळे शब्द त्यानंतरचे.

तुझा तो कॉल पुन्हा चालवून बघू. तो म्हणाला, ‘लेट्स पार्क द पेमेंट स्क्रीन.’ तू म्हणायचंस: ‘सॉरी, व्हेन यू से पार्क, डू यू मीन वी पुट इट ऑन होल्ड, ऑर वी मूव्ह इट टू द टेस्ट सर्व्हर?’ एवढंच. तो म्हणाला असता, ‘ऑन होल्ड, आय.’ (ते ‘आय’ म्हणजे ‘मी’ नव्हे बरं का. स्कॉटिश ‘हो’ आहे.) चार-पाच सेकंदांचं काम. समज तुझे दोन्ही पर्याय चुकीचे असते, तरी तो तिसरा सांगतो. पर्याय बरोबर असण्याची गरजच नसते. ते ठेवले की आपण कुठे अडलो ते समोरच्याला दिसतं.

‘व्हेन यू से अमुक, डू यू मीन’ हे पाठच करून टाक. याच अर्थाचं ‘व्हॉट डू यू मीन?’ मात्र जपून. व्याकरणाने ते निर्दोष आहे, पण ‘मीन’वर जोर पडला की ते आपल्याकडच्या ‘म्हणजे काय म्हणायचंय काय तुम्हाला?’सारखं ऐकू येतं, बाह्या सरसावल्यासारखं. आणि आपल्या लोकांचं लाडकं ‘मीन्स?’ तर सोडूनच दे. आपलं ‘म्हणजे?’ हा एका शब्दातला फार सुंदर प्रश्न आहे. मी त्याला मराठीतल्या उत्तम शब्दांत गणते. पण तो उचलून ‘मीन्स?’ केला की इंग्रजी माणसाला तो अर्धवट तुटलेल्या वाक्यासारखा लागतो आणि तो पुढचं ऐकण्यासाठी थांबून राहतो. तूही थांबतोस. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघता.

तुझ्या सीनियरचं ‘डाउट’बद्दलचं म्हणणं बरोबर आहे, आणि कारण असं. मराठीत शंका दोन प्रकारे चालते. आपण शंका ‘विचारतो’ आणि शंका ‘घेतो’. विचारली तर विद्यार्थी, घेतली तर संशयी. इंग्रजी ‘डाउट’मध्ये फक्त ‘घेणं’ आहे. ‘आय हॅव अ डाउट अबाउट युअर डिझाइन’ म्हटलंस की ग्लासगोत ऐकू जातं, तुमच्या डिझाइनवर माझा भरवसा नाही. भारतभर वर्गात ‘एनी डाउट्स?’ विचारलं जातं आणि इथे ते चालतंही. तिकडच्या माणसाशी बोलताना ‘क्वेश्चन’ म्हण. ‘आय हॅव अ क्विक क्वेश्चन ऑन द डिझाइन.’ झालं.

‘कम अगेन’ वाईट नाही, पण आपल्याकडे ते जितकं औपचारिक वाटतं तितकं तिकडे नाही. कधी कधी त्याला ‘काय म्हणालास? पुन्हा म्हण बघू’ असा अविश्वासाचाही वास येतो. ‘रिपीट इट’, ‘टेल वन्स अगेन’ हे हुकूम झाले. आपल्याला ते हुकूम वाटत नाहीत, कारण मराठीत आपण त्याच्या मागेपुढे ‘जरा’, ‘ना’, ‘बरं का’ असं काहीतरी लावतो. ‘परत सांगा’ आणि ‘जरा परत सांगता का’ यांत केवढा फरक आहे! इंग्रजीला ‘ना’ नाही. ती ती ऊब ‘कुड’ आणि ‘वुड’मधून आणते, किंवा चक्क क्रियापद भूतकाळात ढकलून. ‘सॉरी, व्हॉट वॉज युअर नेम अगेन?’ नाव तर अजून तेच आहे, मग ‘वॉज’ कशाला? आपणही ‘आपलं नाव काय म्हणालात?’ असंच विचारतो की. आणि शेवटचं ते ‘अगेन’ म्हणजे ‘पुन्हा’ नव्हे. ते आपलं ‘बरं’ आहे. ‘तुमचं नाव काय बरं?’ मला हे कळायला बरीच वर्षं लागली, तुला फुकटात देतेय.

‘वुड यू माइंड रिपीटिंग दॅट?’ हे सगळ्यांत मऊ. त्यात एक खड्डा आहे. समोरचा ‘नो, नो, नॉट अ‍ॅट ऑल’ म्हणतो, म्हणजे माझी काही हरकत नाही, सांगतो. ते नकार समजून माघार घेणारे लोक मी पाहिलेत.

एकट्या ‘सॉरी?’ने सुद्धा भागतं, पण सूर सांभाळ. शेवट वर उचललास तर ‘काय म्हणालात?’ आणि खाली सोडलास तर ‘माफ करा’. खाली सोडलेलं ‘सॉरी’ ऐकून क्लायंट ‘नो वरीज’ म्हणतो आणि पुढे निघून जातो. तुझा प्रश्न तिथेच. आरशासमोर म्हणून बघ, हसू नकोस. ‘पार्डन?’ म्हणायलाही हरकत नाही. १९५४ साली बर्मिंगहॅमच्या अ‍ॅलन रॉस नावाच्या प्राध्यापकांनी कोणते शब्द उच्चभ्रू आणि कोणते नाहीत याची वर्गवारी मांडली होती, तीत ‘पार्डन’ खालच्या बाजूला पडलं होतं. म्हणजे जे आपण शाळेत अतिसभ्य म्हणून घोकलं, ते खानदानी इंग्रजांना नवश्रीमंतांचं वाटायचं आणि ते स्वतः बेधडक ‘व्हॉट?’ म्हणायचे. तू काही त्यांच्या पंगतीला बसणार नाहीस, तेव्हा ‘व्हॉट?’ त्यांनाच राहू दे.

अजून एक बारकावा. अडलंय काय, ते आधी स्वतःशी ठरव. ऐकू आलं नाही, शब्द माहीत नाही, की शब्द सगळे कळले पण माणसाला म्हणायचंय काय ते कळलं नाही? तिन्हीला आपण सरसकट ‘आय डिडन्ट अंडरस्टँड’ म्हणतो आणि मग समोरचा मुळापासून, बाळबोध करून सांगायला लागतो. आपल्याला तर एक तारीख हवी होती! कानाची चूक असेल तर ‘आय डिडन्ट कॅच द लास्ट बिट.’ शब्द अडला तर ‘दॅट्स अ न्यू वर्ड फॉर मी, व्हॉट्स अमुक?’ हे म्हणण्यात कमीपणा नाही. उलट लोक खुलतात, कारण आपल्या गावचा शब्द समजावून सांगायला कोणाला आवडत नाही! आणि म्हणणंच निसटलं असेल तर ‘आय’म नॉट शुअर आय फॉलो. कुड यू गिव्ह मी अ‍ॅन एक्झाम्पल?’ उदाहरण मागणं मला फार आवडतं. व्याख्या ऐकून कोणाला काही कळत नाही.

तुझा माणूस ग्लासगोचा, म्हणून दोन-तीन गोष्टी खास. ‘आउटविथ’ असा एक शब्द तो वापरेल. ‘दॅट्स आउटविथ द स्कोप’ म्हणजे ते कामाच्या कक्षेबाहेर आहे. घाईत तुला फक्त ‘विथ द स्कोप’ ऐकू येईल आणि अर्थ बरोबर उलटा होईल. हा शब्द स्कॉटलंडबाहेर फारसा चालत नाही, तेव्हा तिथे अडलास तर लंडनचा माणूसही तुझ्याच शेजारी बसलेला असेल. ‘द बॅक ऑफ फाइव्ह’ म्हणजे पाच वाजून गेल्यावर लगेच, पाचच्या आधी नाही. आणि एक आनंदाची बातमी: स्कॉटिश माणूस ‘र’ खणखणीत उच्चारतो, अगदी आपल्यासारखा. लंडनकर ‘कार’मधला ‘र’ गिळून टाकतो, हा टाकत नाही. पहिले पंधरा दिवस कान तयार होऊ दे, हा उच्चार तुला बाकीच्यांपेक्षा जवळचा वाटेल.

आता, प्रत्येक न कळलेल्या शब्दाला हात वर करू नकोस. कॉलच्या सुरुवातीला तो फुटबॉलवर काहीतरी बोलून हसला आणि तुला कळलं नाही, तर तूही हस, पाऊस पडतोय का विचार आणि सोडून दे. माझी यादी ठरलेली आहे: पैसा, तारीख, नाव, आकडा आणि ‘नाही’. या पाचांपैकी काहीही निसटलं तर विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. आकड्यांत फिफ्टीन-फिफ्टी, थर्टीन-थर्टी यांचं भांडण जुनं आहे. ‘वन-फाइव्ह ऑर फाइव्ह-झीरो?’ असं सुटे अंक विचारून ते दोन सेकंदांत मिटतं. तारीख अंकांत आली, ०३/०४ अशी, तर महिन्याचं नाव वदवून घे. ब्रिटिश आणि अमेरिकन यांच्या तारखा उलटसुलट असतात आणि तुमच्या ईमेलवर कोण कोण असतं कुणास ठाऊक. नावाचं स्पेलिंग विचारलं की आपण ‘पी फॉर पुणे’ म्हणतो, ग्लासगोत पुण्याचं स्पेलिंग कोणाला माहीत? ‘पी फॉर पीटर’ म्हण. किंवा वैमानिकांची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही यादी शिकून घे, ती १९५६ पासून याच कामासाठी आहे.

वैमानिकांचा विषय निघालाच आहे तर थांबते थोडी. २५ जानेवारी १९९०. कोलंबियाहून न्यूयॉर्कला आलेलं एव्हिआंकाचं ५२ क्रमांकाचं विमान, खराब हवा, तासाहून जास्त वेळ आकाशात घिरट्या. इंधन संपत आलं होतं. वैमानिकांनी नियंत्रण कक्षाला सांगितलं की आम्हाला ‘प्रायॉरिटी’ हवी. ‘इमर्जन्सी’ हा शब्द उच्चारला नाही. वैमानिकांच्या मनात ‘प्रायॉरिटी’त सगळं आलं होतं. नियंत्रकांच्या कानी ती आणीबाणी वाटली नाही. ‘प्रायॉरिटी म्हणजे, इमर्जन्सी जाहीर करताय का?’ हे तिकडून कोणी विचारलं नाही, इकडून कोणी समजलंय ना ते तपासलं नाही. लाँग आयलंडच्या टेकडीवर विमान कोसळलं, १५८ पैकी ७३ जण गेले. तुझ्या पेमेंट स्क्रीनने कोणाचा जीव गेला नाही, मान्य. पण बघ, तिथेही अनोळखी शब्द कुठेच नव्हता.

आज आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी वैमानिक आणि नियंत्रकांना इंग्रजीची किमान चौथी पातळी लागते. त्या पातळीच्या वर्णनात उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह आहेच, पण गैरसमज झालासा वाटला तर तपासून, खात्री करून, खुलासा मागून तो निस्तरता येणं हेही लिहिलेलं आहे. म्हणजे खुलासा मागता येणं हा इंग्रजी येण्याचाच भाग धरलाय. तुझ्या त्या भीतीवर मला याहून चांगलं उत्तर सुचत नाही. शिवाय नियंत्रकाने सांगितलेली उंची, दिशा, धावपट्टी वैमानिकाला तिथल्या तिथे परत म्हणून दाखवावी लागते. जगभर, दररोज, तीस वर्षं विमान चालवलेल्या माणसालाही. आपला कंडक्टर करतो तेच.

दोनदा विचारूनही नाही कळलं तर? तिसऱ्यांदा तोच प्रश्न विचारायचा नाही. वाट बदलायची. ‘कुड यू पॉप दॅट इन द चॅट फॉर मी?’ लिहून आलं की तुझ्यासारख्याचे नव्वद टक्के प्रश्न सुटतात, तू स्वतःच म्हणतोस की वाचायला अडत नाही. किंवा स्क्रीन दाखवून विचार, ‘धिस बटन, ऑर दॅट वन?’ किंवा जेवढं कळलं तेवढं सांग: ‘आय गॉट द पार्ट अबाउट रिपोर्ट्स. द बिट आफ्टर दॅट, आय लॉस्ट यू.’ वेग कमी करायला सांगायचं तर ‘टॉक स्लोली’ नको. ‘वुड यू माइंड स्लोइंग डाउन अ लिटल?’ आणि हे कॉलच्या सुरुवातीलाच सांगून टाकलं तर उत्तम. चाळीस मिनिटांनी सांगितलं की तो मनात म्हणतो, मग इतका वेळ काय करत होता हा?

‘युअर व्हॉइस इज ब्रेकिंग’चा आसरा मात्र घेऊ नकोस. सगळे घेतात, मीही घेतलाय. नीतीचं जाऊ दे, ते उपयोगाचंच नाही. तुझं नेटवर्क गेलंय समजून तो तेच वाक्य, त्याच वेगात, फक्त मोठ्याने म्हणतो. ‘पार्क’ ओरडून सांगितला म्हणून त्याचा अर्थ कळणार आहे का?

दहा जणांच्या मीटिंगमध्ये अडचण शब्दांपेक्षा फटीची असते. घुसायचं कधी? विषय बदलतोय असं वाटलं की लगेच: ‘बिफोर वी मूव्ह ऑन, कॅन आय जस्ट चेक वन थिंग?’ हे वाक्य दार अडवून धरतं, सगळे थांबतात. उत्तर आलं की तुझ्या शब्दांत परत दे: ‘सो, रिपोर्ट्स बाय द फिफ्टीन्थ, अँड द पेमेंट स्क्रीन वेट्स. इज दॅट राइट?’ मग बघ, कॉल संपल्यावर टीममधला दुसरा कोणीतरी येऊन हळूच म्हणेल, ‘बरं झालं विचारलंस.’ त्या दिवशी ‘पार्क’ किती जणांना कळला होता, एकदा जेवताना विचार सगळ्यांना. शेजाऱ्याला नंतर मराठीत विचारून घेणं ठीक आहे, पण दोन मान डोलवणारे मिळून अंदाज बांधतात तेव्हा तो फक्त जास्त ठाम होतो.

आणि कॉलनंतर दहा मिनिटांत चार ओळींची ईमेल. ‘जस्ट टू कन्फर्म माय अंडरस्टँडिंग’ म्हणून सुरुवात, खाली काय करणार, काय करणार नाही, कधीपर्यंत. ‘काय करणार नाही’ ही ओळ लोक गाळतात. तुझ्या प्रकरणात तीच एक ओळ पुरली असती.

डेमोच्या आधी दोन दिवस एवढंच कर: ‘व्हेन यू से… डू यू मीन…’ हे वाक्य घरात मराठी बोलतानाही वापर. आई म्हणाली, ‘लवकर ये,’ तर विचार, ‘लवकर म्हणजे आठ, का जेवायच्या आधी?’ ओरडेल, पण जिभेला वळण लागेल.

आता माझाही एक प्रश्न. तू लिहिलंयस, ‘पुढच्या शुक्रवारी डेमो’. पत्रावर तारीख नाही. पुढचा म्हणजे हा येणारा शुक्रवार, की तो सोडून त्याच्या पुढचा? येणारा असेल तर हे उत्तर छापून येण्याआधी तुला ईमेलने पाठवते. तारीख तेवढी कळव, आकड्यांत नको, अक्षरी.

– तुझी ताई